म्हणे कोकणानं रिफायनरी घालवली!

टिळकवाडीकर: परवा इथंच एकानं लिहिलं, "राजापूरवाल्यांनी जमीन दिली असती तर तीन लाख कोटी आले असते, बेळगावची पोरं तिकडं लागली असती." डोकं फिरलं. अहो, २०१८ ला सौदीची अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक या तेल कंपन्यांशी झाले ते नुसते सामंजस्य करार. पैसा ओतायचा निर्णय जमीन, परवाने, नफ्याचा हिशेब सगळं जुळल्यावर होतो. तो झालाच नाही. २०१९ ला राजापूरजवळच्या नाणारची जमीन घ्यायची अधिसूचना रद्द, मग जागा बदलून २०२३ ला बारसूत माती तपासायला पोलीस बंदोबस्त. सहा कोटी टनांची रिफायनरी कागदावरच.

शहापूर पेठ: जमीन मिळाली नाही म्हणून निर्णय झाला नाही. आमचंच म्हणणं सिद्ध केलंत, साहेब.

टिळकवाडीकर: मग राजस्थानातली बाडमेरची रिफायनरी बघा. २०१३ ला कोनशिला, सरकार बदललं, सवलतींची घासाघीस, २०१८ ला परत समारंभ. ४३ हजार कोटींचा खर्च २०२३ पर्यंत ७३ हजारांच्या घरात.

शहापूर पेठ: अर्धीच गोष्ट सांगताय. आधी जागा ठरली होती लिलाळ्याला. शेतकरी अडले, म्हणून पचपदऱ्याला सरकारी जमिनीवर गेली. उभी तरी राहिली!

येळ्ळूरचा: तेलाचं राहू दे. आमची बासमतीची दोन एकर रस्त्याला गेली. नोटीस कानडीत. हरकतीला २१ दिवस. शेजारच्या पोरानं बाबांना वाचून दाखवली तोवर चार दिवस वर झालेले. त्यावर कोण बोलणार?

कॅम्प_८२: कर्नाटकात राहायचं आणि कानडी शिकायचं नाही. चूक कोणाची?

येळ्ळूरचा: तोंड सांभाळून. बाबा शाळेत गेले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १९५६ ला राज्य बदललं, बाबांनी घर नाही बदललं. माझी पोरगी फाडफाड कानडी बोलते.

टिळकवाडीकर: आणि जिथं १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य आहेत तिथं नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे राज्यांनी कधीचंच कबूल केलंय.

कॅम्प_८२: धागा रिफायनरीचा होता ना? प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न!

येळ्ळूरचा: तुमची जमीन गेली नाही, म्हणून सुचतंय.

शहापूर पेठ: बरं बाबा, नोटीस वाचता यायला हवी, हे मान्य. शंभर वेळा मान्य. पण नाणारची तर मराठीतच होती की! तिथं का नाही जमलं?

येळ्ळूरचा: वाचता आली ना, म्हणूनच.