हिमालयनचे टायर घरीच बदलायचे आणि बॅलन्सिंगही घरीच, जमेल का?

घाटवेडा_सातारा
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक, स्पोकची चाकं, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७, दोन्हीत ट्यूब. मागचा टायर खुणेपर्यंत घासलाय, पुढचा कडक झालाय, म्हणून नवीन जोडी आणून ठेवलीय. मागच्या खेपेला एका दुकानात बसवून घेतला तर रिमवर ओरखडे पडले आणि बॅलन्सिंगचं विचारलं तर म्हणाले बाईकला कोण करतं. जूनमध्ये स्पितीला जायचंय, तिकडे आडवाटेला पंक्चर झालं तर चाक स्वतःला उघडता आलंच पाहिजे, म्हणून आत्ताच शिकून घेतो. पान्हे, छोटा कॉम्प्रेसर आणि दोन टायर लिव्हर आहेत. मागचा टायर एकट्याने निघतो का? आणि मशीनशिवाय केलेल्या बॅलन्सिंगला काही अर्थ असतो का?

जुनापान्हा
निघतो की, न निघायला काय झालं. लिव्हर अजून एक घे आणि रिमवर ठेवायला प्लास्टिकचे प्रोटेक्टर घे, ते नसतील तर जुन्या तेलाच्या कॅनचे तुकडे कापून वापर, ओरखडे पडत नाहीत. गाडी मेन स्टँडवर लाव, चाक काढताना कुठला स्पेसर (एक्सलवरची छोटी नळी) कुठल्या बाजूचा त्याचा फोटो काढ, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या होजवर लटकू देऊ नको आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नको, पिस्टन बाहेर येतात. ब्रेक पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी सरकवून ठेव.

आता खरी गोष्ट. टायरच्या कडेत स्टीलची तार असते, ती अजिबात ताणत नाही. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, समोरची कड त्या खोलगटात उतरली तरच लिव्हरकडच्या बाजूला ढिलाई मिळते. लिव्हर जड लागली की जोर वाढवायचा नाही, थांबायचं आणि समोर बघायचं, कड वर सरकलेली असणार. तिथे दोन्ही गुडघे टेकवून दाबून धर आणि साबणाचं पाणी सढळ हाताने लाव, मग तीच लिव्हर सहज फिरते. लोक इथेच झटापट करतात आणि ट्यूब चिमटून फाडतात. एका वेळी दोन-तीन इंचच घे. उतरवताना सुरुवात व्हॉल्वजवळून कर, बसवताना शेवट व्हॉल्वजवळ कर, म्हणजे उलट्या बाजूची कड खोलगटात बसवायला व्हॉल्व आड येत नाही. नवीन टायर तासभर उन्हात ठेव, मऊ पडतो.

रात्रपाळी_नाशिक
वरच्या दादांनी टायरचं नेमकं सांगितलंय, मी बॅलन्सिंगचं सांगतो कारण त्यावर लोक उगाच नाक मुरडतात. कारचं चाक रुंद असतं, त्याची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी बघावी लागते म्हणून मशीन लागतं. बाईकचं चाक अरुंद, त्याला मशीनशिवाय, चाक एक्सलवर उभं ठेवून केलेलं बॅलन्सिंग बहुतेक वेळा पुरतं. एक्सल चाकात घालून दोन स्टुलांवर ठेव, स्पेसर मात्र काढून टाक, नाहीतर सील घासतं आणि थोडा फरक कळतच नाही. चाक हळू फिरवून सोड, जड बाजू खाली येऊन थांबते. तिथे खडूची खूण कर, परत दोन-तीनदा फिरव, दरवेळी तीच जागा खाली आली तर नक्की. मग बरोबर समोर वरच्या बाजूला ५ ग्रॅमचं वजन आधी नुसत्या टेपने लाव, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच उभं राहायला लागलं की ते पक्कं कर. स्पोकच्या चाकाला स्पोकवर आवळायची वजनं मिळतात, नाहीतर सोल्डरची तार निपलजवळ (स्पोक रिमला जोडणाऱ्या नटाजवळ) गुंडाळतात. वजन फारच लागायला लागलं तर टायर रिमवर थोडा फिरवून बघ. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या बाजूचा, व्हॉल्वला लागूनच आण.

पण त्याआधी रिम सरळ आहे का बघ, फोर्कला केबल टाय बांधून टोक रिमजवळ आण आणि चाक फिरव. रिमच वाकडी असेल तर वजनं लावून हँडलची थरथर जाणार नाही, आधी स्पोक ओढून घ्यावे लागतात.

घाटवेडा_सातारा
खूप आभार दोघांचेही! पुढचा टायर रिमवर बसवला. पण हवा भरल्यावर एका जागी टायरवरची रेघ रिमच्या आत गेल्यासारखी दिसते. अजून हवा मारू का?

जुनापान्हा
नको रे, टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या वर जाऊच नको. हवा पूर्ण सोड, त्या जागी दोन्ही बाजूंनी साबणपाणी लाव, टायर हाताने हलव आणि परत भर, कड बसताना टक्क आवाज येतो. रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्वचं बाहेरचं नट रिमला घट्ट आवळू नको, टोपीकडे वर सरकवून ठेव, म्हणजे टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व तिरका झालेला लगेच दिसतो. आणि टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेला आहे ना ते आत्ताच बघ, चाक गाडीला लावायच्या आधी.

रात्रपाळी_नाशिक
आणि पहिले १०० किमी तरी वळणावर गाडी झुकवू नको, नवीन रबर गुळगुळीत असतं. घाटात जायची घाई नको. जुनी ट्यूब चांगली असेल तर टाकू नको, पंप आणि लिव्हरसोबत स्पितीच्या बॅगेत ठेव.