वीज कापणार म्हणून मेसेज आला… (ॲप घ्यायला लावून झालेली फसवणूक, तुमचे अनुभव)

रानजाई
काल रात्री जेवताना लाइट गेले. बाबा ताटावरून उठले आणि आधी आपला फोन बंद करून आले. कुणी काही बोललं नाही, पण का ते सगळ्यांना कळलं.

दोन वर्षं झाली त्याला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा, असा मेसेज होता. बिल भरलेलं होतं, पावती ड्रॉवरमध्ये होती. पण बाबांनी जन्मात कुणाचं काही थकवलेलं नाही, त्यामुळे 'थकबाकी' हा शब्दच त्यांना झोंबला. पलीकडचा माणूस 'सर, सर' करत अगदी अदबीने बोलत होता. एक ॲप घ्यायला लावलं, त्यात आलेला नऊ आकडी नंबर वाचून घेतला, मग म्हणाला, फक्त 10 रुपये भरा म्हणजे नोंद होईल. बाबांनी कार्डाचा नंबर टाकला.

"मी ओटीपी दिला नाही," हे ते आजही सांगतात. खरंच नाही दिला. त्याला मागायची गरजच नव्हती, बाबांची अख्खी स्क्रीन त्याच्यासमोर उघडी होती. तीन वेळा मिळून 1 लाख 86 हजार गेले.

चार दिवस त्यांनी घरात सांगितलं नाही. आई म्हणते, रात्री उठून पासबुक काढून बसायचे. आणि कळल्यावर मी पहिलं काय बोलले? "बाबा, एवढे शिकलेले असून?" ते वाक्य मला अजून टोचतं.

कुणाला लिहावंसं वाटलं तर लिहा.

चिंचोके
😔 वाचून गलबलून आलं. काकांना नमस्कार सांग.

तांबडीमाती
आमच्याकडे लग्नपत्रिका. गावच्या ग्रुपवर, ओळखीच्याच नंबरवरून. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे पत्रिका नाही, ॲपची फाइल, पण ते कोण बघतं? लग्नसराई होती, भावाला वाटलं कुणाचं तरी असेल, दाबलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्याने 'अलाऊ' केलं. पत्रिका काही उघडली नाही. अर्ध्या तासात त्याच्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्यांना गेली, आमच्या सासूबाईंनासुद्धा. ऊसबिलाचे पैसे नुकतेच जमा झाले होते. बाकी लिहीत नाही.

मृद्गंध_७
आरटीओच्या चलानाची पण तशीच फाइल येते. माझ्याकडे गाडीच नाही म्हणून वाचले 🙏

निळीशाई
मी बँकेत काउंटरला आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते. रानजाई, काकांसारखे लोक आमच्याकडे आठवड्याला येतात. डॉक्टर, इंजिनिअर, एकदा आमच्याच बँकेतून निवृत्त झालेले साहेब. शिक्षणाचा संबंध नाही गं.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्क या स्क्रीन शेअर करायच्या ॲपच्या नावाने इशारा दिला होता. ॲप मुळात वाईट नाही, आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुलं असंच काहीतरी वापरतात. फक्त तो नंबर दुसऱ्याला सांगून 'हो' दाबलं की आपली स्क्रीन त्याच्या हातात. आता तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगतात, वेगळं ॲपसुद्धा लागत नाही.

पैसे गेले की फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या चुकीने गेले असले तरी कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या माथी. लोक लाजेने घरी बसतात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं.

तांबडीमाती
हे 1930 तेव्हा माहीत असतं तर. भाऊ मोटारसायकल काढून तालुक्याला पोलीस स्टेशनात गेला, त्यात दोन तास गेले.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. आई इकडे आली होती तेव्हाची गोष्ट. लॅपटॉपवर मोठ्याने भोंगा वाजायला लागला, स्क्रीन निळी, 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' आणि खाली नंबर. मी ऑफिसात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दोन वर्षांपूर्वी असंच फसवलेलं. 500 डॉलर परत देतो म्हणून त्यांच्या बँकेचं पान उघडायला लावलं, पानावरचा आकडा बदलून 5000 दाखवले, आणि 'चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल' म्हणून तो माणूस चक्क रडला. उरलेले गिफ्ट कार्डांनी परत मागितले. दुकानातल्या मुलीने विचारलं, आजी, एवढी कार्डं कुणाला? तिथे त्या थांबल्या.

आईने फोन लावला होता. पण पलीकडे मागून हिंदीत कुणीतरी कुणाला तरी चहा सांगताना तिने ऐकलं आणि ठेवून दिला. मला म्हणाली, "एवढी गोड बोलणारी पोरं, यांच्या आया घरी काय करत असतील रे?"

चिंचोके
आई ग्रेट 👏

सुपारीफूल
विषय निघालाच आहे तर विजेबद्दल. महावितरणचा खरा मेसेज येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असं असतं, दहा आकडी मोबाइल नंबर नसतो. मी आईच्या फ्रिजवर हेच मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. बाकी आमच्याकडे यंदाचं बिल बघून खरंच चक्कर आली, ते वेगळं.

मृद्गंध_७
बिलाचं नको काढूस, इकडे दुपारभर लाइट नाहीत. पापड गच्चीवर आहेत, जाते, आभाळ आलंय.

निळीशाई
रानजाई, काकांचे काही परत मिळाले का?

रानजाई
नाही. चार दिवस गेले होते ना.

पण आज सकाळी तुमचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. दूरदेशीच्या आईचं दोनदा वाचायला लावलं. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांचं ऐकून म्हणाले, "ते पण?" मग बराच वेळ गप्प. आता चष्मा लावून 1930 कागदावर लिहितायत, खालच्या जोशीकाकूंना द्यायचाय म्हणे, त्यांना काल कुणाचा तरी केवायसीचा फोन आला होता.

सुपारीफूल
काकूंनी ॲप घेतलं नाही ना???

रानजाई
नाही नाही. स्मार्टफोनच नाही त्यांच्याकडे.

तांबडीमाती
रानजाई, तुम्ही सांगलीच्या का? जयसिंगपूरचं भडंग मिळालं तर माझ्या भावाला पाठवा, खूप आवडतं त्याला. पत्ता कळवते.

रानजाई
सांगलीच! कळव, बाबाच पार्सल करतील.