जप करताना गुरूंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग लावावं का?

ओवी_डोंबिवली: आमच्या घरी गणेशपुरीची परंपरा, आईमुळे मीही ॐ नमः शिवायचा जप करते. पहाटे तिथले गुरू बाबा मुक्तानंद यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग हळू लावते, मन पटकन लागतं, पण मग माझा जप मागे पडतो आणि मी नुसती ऐकतच बसते. हा जप धरायचा का? कोणी अनुभवी सांगेल का प्लीज

माधवकाका: ताई, बाबांनी 1982 मध्ये देह ठेवला, आमच्यासारख्या नंतर आलेल्यांना त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमधूनच मिळाला, त्यामुळे ते लावणं चूक अजिबात नाही. पण ऐकणं म्हणजे श्रवण आणि जप म्हणजे आपण स्वतः करायचा, दोन्ही हवं पण माळेत धरायचं ते आपलंच. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जप दसपट, ओठातल्या ओठात केलेला शंभरपट आणि मानसिक हजारपट श्रेष्ठ म्हटलाय. मनातल्या जपाच्या वेळी स्पीकर चालू असला की मन त्या चालीमागेच धावतं, निदान माझं तरी.

रुद्राक्ष_नाशिक: मी सुरुवातीला थोडा वेळ लावतो, त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणतो, लय आणि उच्चार बसले की मोबाईल बंद, मग श्वासाबरोबर आत चालू. अजून एक, ‘नमः’मधला विसर्ग नीट ऐक, घाईत आपण ‘नम शिवाय’ म्हणून मोकळे होतो. आणि एअरप्लेन मोड टाक हं, नाहीतर ऐन रंगात फोन येतो

ओवी_डोंबिवली: काका, दादा, खूप आभार 🙏 उद्यापासून असंच करते. स्वयंपाक करताना लावलं तर चालेल ना?

माधवकाका: अगं बिनधास्त लाव, घरात नाम घुमलेलं चांगलंच.