नोत्र दाम (पॅरिस) : ह्युगोच्या कादंबरीसाठी बघायचं तर कसं बघावं?

सांजवात

ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जातोय, दोन पूर्ण दिवस हातात आहेत. व्हिक्टर ह्युगोची कादंबरी वाचल्यापासून नोत्र दाम यादीत सगळ्यात वर आहे. बुकिंग कसं करायचं? टॉवरवर चढणं सासूबाईंना (वय 70, गुडघेदुखी) झेपेल का? आणि कादंबरीतल्या नेमक्या कुठल्या जागा आज दिसतात?

गलबत

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कथीड्रल (म्हणजे नोत्र दामचं मुख्य चर्च) आणि त्याचे घंटांचे टॉवर या दोन वेगळ्या भेटी आहेत. रांगा वेगळ्या, बुकिंगही वेगळं.

कथीड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे. 2019 च्या आगीनंतर ते डिसेंबर 2024 मध्ये उघडलं, तेव्हापासून त्यांच्या अधिकृत साइटवर वेळ राखून ठेवता येते. तीही फुकट. ‘रांग टाळा’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. स्लॉट जेमतेम दोन दिवस आधी उघडतात, त्यामुळे महिनाभर आधी साइट बघून ‘सगळं भरलंय’ असं समजू नका. पॅरिसच्या मध्यरात्री नवे स्लॉट येतात. भारतातून करणार असाल तर ऑक्टोबरात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात (शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं, मग साडेचार). दिवसभरातही अधूनमधून जागा सुटतात. नाहीच मिळाला, तर बिनबुकिंगची रांग असतेच आणि ती बऱ्यापैकी सरकते. गुरुवारी रात्री 10 पर्यंत उघडं असतं. गर्दी नको असेल तर ती वेळ धरा, नाहीतर सकाळी आठच्या सुमारास जा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, मनासारखं फिरता येत नाही.

टॉवर सप्टेंबर 2025 पासून पुन्हा सुरू झालेत. तिकीट 16 युरो होतं, बुकिंग करताना ताजा दर बघून घ्या. वेळेचं ऑनलाइन तिकीट आधीच काढावं लागतं. 18 खालच्या मुलांना शुल्क नाही, तरी त्यांच्या नावाचं शून्य रुपयांचं तिकीट काढाच. पायऱ्या 424, लिफ्ट नाही. जिने गोल आणि अरुंद आहेत. मधूनच उलट फिरणं सोपं नाही, कारण मागून लोक येतच असतात. सासूबाईंना वर नेऊ नका. त्यांना कथीड्रलमध्ये बसवा, आत खुर्च्या भरपूर आहेत आणि फिरायचा भाग सपाट आहे.

मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि सामान ठेवायला लॉकरही नाहीत. विमानतळावरून थेट जायचा बेत असेल तर तो बदला. मेट्रो: लाइन 4, स्टेशन सिते.

काजवा

कादंबरीच्या बाजूने भर घालतो. कथा 1482 ची आहे आणि ह्युगोने लिहिली 1830-31 मध्ये. आज दिसणारं बरंचसं त्यानंतरचं आहे, आणि खरं तर कादंबरीमुळेच आहे. तेव्हा इमारतीची पार दुर्दशा झाली होती. पुस्तकाने लोकांचं लक्ष वेधलं आणि 1840 च्या दशकात व्हियोले-ल-द्युक आणि लास्यू या वास्तुतज्ज्ञांकडे जीर्णोद्धाराचं काम गेलं.

म्हणून टॉवरमधल्या गॅलरीतले ते प्रसिद्ध दगडी राक्षस, किमेरा, क्वासिमोदोचे (कादंबरीतल्या कुबड्या घंटावाल्याचे) सोबती नव्हेत. ते 19 व्या शतकातले आहेत, ह्युगो लिहीत होता तेव्हाही नव्हते. गार्गॉइल वेगळे: लांब मान काढून भिंतीबाहेर झुकलेले, तोंडातून छपराचं पाणी लांब फेकणारे, म्हणजे ते भिंतीवरून ओघळून सांध्यांतला चुना धुऊन नेत नाही. फोटो काढताना घशाकडे बघा. पन्हळ असेल तर गार्गॉइल, नसेल तर किमेरा.

घंटांचंही तसंच. क्वासिमोदोची लाडकी मारी दक्षिण टॉवरमध्ये होती. आज तिथे त्याच नावाची घंटा आहे, पण 2013 मध्ये बसवलेली, सुमारे 6 टनांची. शेजारची इमान्युएल 13 टनांची, 17 व्या शतकातली. राज्यक्रांतीतून वाचलेली ती एकच मोठी घंटा. चढताना या दोन्ही दिसतात, घाई करू नका.

समोरच्या दारांवर राजांच्या 28 पुतळ्यांची ओळ आहे. मूळ मुंडकी 1793 मध्ये फोडली गेली, आताचे पुतळे नंतरचे. त्यांतली 21 मूळ डोकी 1977 मध्ये जमिनीत सापडली आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवरच्या क्लूनी संग्रहालयात ठेवली आहेत (सोमवारी बंद). तुटकी नाकं, गालांवर रंगाचे अंश. ह्युगोने ज्या मोडतोडीबद्दल तळमळून लिहिलं, ती इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही. माझ्या मते हे चुकवू नयेच.

क्वासिमोदो दोराने खाली उतरून एस्मेराल्डाला (कादंबरीची नायिका, रस्त्यावरची नर्तकी) उचलून नेतो ते याच पश्चिमेच्या दारांसमोर. पण समोरचं मैदान तेव्हा बरंच लहान होतं, घरं अगदी जवळ होती. शिवाय दाराशी पूर्वी अकरा पायऱ्या होत्या, शहराची जमीन चढत गेली आणि त्या गाडल्या गेल्या, असं ह्युगो सांगतो. एस्मेराल्डाला शेवटी फाशी देतात तो ग्रेव्ह चौक म्हणजे आजचा ओतेल द व्हीलसमोरचा (नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा) चौक. पूल ओलांडून दहा मिनिटं.

सांजवात

दोघांचेही आभार, सासूबाईंचा प्रश्न सुटला. कादंबरीच्या प्रस्तावनेत ह्युगो सांगतो तो भिंतीवर कोरलेला ग्रीक शब्द कुठल्या टॉवरमध्ये बघायचा?

काजवा

तो शोधू नका. तो पुसला गेला, एवढं ह्युगोनेच तिथे लिहून ठेवलंय. त्यापेक्षा निघण्याआधी तिसऱ्या भागातली दोन्ही प्रकरणं पुन्हा वाचा, एक इमारतीवर आणि एक वरून दिसणाऱ्या पॅरिसवर. दुसरं वाचून टॉवरवर उभं राहिलात की सेन नदी आणि नोत्र दाम ज्यावर आहे ते बेट लगेच ओळखू येतं.

गलबत

आतल्या क्रमाबद्दल राहिलं. उत्तरेच्या बाजूने आत जाऊन दक्षिणेच्या बाजूने परत येतात. उत्तरेच्या गुलाबखिडकीत (रंगीत काचांची मोठी गोल खिडकी) 13 व्या शतकातली काच बरीचशी टिकून आहे, पण तिच्याखाली उभं राहून ती नीट दिसत नाही. परतताना चर्चच्या दक्षिणेकडच्या आडव्या भागात थांबून मागे वळून बघा. कादंबरीतला काळोख मात्र मिळणार नाही: आगीनंतर दगड साफ केलाय, आता आतून सगळं फिकट सायीच्या रंगाचं आहे.