डोळ्यांत राहून गेलेले सिनेमे : रंग, प्रकाश, कॅमेरा (तुम्हीही लिहा)

खिडकीजवळची

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा अजून व्हायचाय. परवा संध्याकाळी टीव्हीवर 'नवरंग' लागला होता आणि ती काळा चष्मा लावून लांबून बघत बसली होती. मध्येच चष्मा कपाळावर चढवला, डावा डोळा तळहाताने झाकला. मग उजवा. परत डावा. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणाली, "ह्या डोळ्याने भिंत पांढरी दिसते आणि ह्याने जुन्या पुस्तकाच्या पानासारखी. इतकी वर्षं मी काय बघत होते गं?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा रंग कमी पोचतो. हळूहळू होतं म्हणून कळत नाही. नवीन भिंग बसलं की एकदम निळं दिसायला लागतं सगळं.

मला त्यावरून आठवलं ते वेगळंच. मी 'नवरंग' पहिल्यांदा पाहिला तेव्हा सात-आठ वर्षांची होते आणि घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. म्हणजे नावातच नऊ रंग आणि मला दिसले राखाडीचे नऊ प्रकार! संध्या एका अंगाने बाई आणि दुसऱ्या अंगाने पुरुष होऊन नाचते ते गाणं आठवतं ना? मला बराच वेळ वाटत होतं की दोन माणसं आहेत आणि टीव्ही बिघडलाय. रंगीत पाहिला तो कॉलेजात गेल्यावर, आणि तेव्हा मला राग आला होता. फसवल्यासारखं वाटलं.

त्याच सिनेमाच्या सुरुवातीला शांताराम स्वतः येऊन सांगतात की आधीच्या 'दो आँखें बारह हाथ'च्या (१९५७) वेळी बैलाने डोळ्यांना इजा केली, पट्टी बांधून अंधारात पडून राहावं लागलं आणि त्या अंधारात रंग दिसायला लागले. आई हे ऐकून खुर्चीतच सरळ बसली. "बघ, मला माहीतच होतं."

तर तुमचे असे सिनेमे सांगा. गोष्ट विसरली तरी चालेल, पण चित्र राहिलंय असे.

पिटातला प्रेक्षक

पहिला मी! सविस्तर रात्री लिहितो. आत्ता फक्त नाव टाकून ठेवतो : बॅरी लिंडन.

कंदील_०७

काय सुंदर लिहिलंय. काकूंना लवकर बरं वाटो.

माझा 'कागज़ के फूल' (१९५९). रंग नाहीत, पण प्रकाश! रिकाम्या स्टुडिओत वरून तिरका झोत येतो आणि त्यात ते दोघं. व्ही. के. मूर्तींनी तो आरशांवरून उन्हाची तिरीप आत घेऊन केला. मोठे दिवे लावून तसा समांतर झोत मिळत नव्हता. आपण लहानपणी आरशाने उन्हाचा कवडसा समोरच्या घरात पाडायचो आणि ओरडा खायचो. तेच, फक्त सिनेमास्कोपमध्ये :)

मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, २००८ सालचा. त्याआधी कुणाही छायाचित्रकाराला तो मिळाला नव्हता.

सुमडीत

वाचतेय. लिफ्टमध्ये आहे, रेंज जाईल.

फिकट निळा

माझा अनुभव जरा उलटा आहे. मी रंगांध आहे, लाल-हिरव्यातला. लाल मला मळकट, काळपट दिसतो.

'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) बायकोबरोबर पाहिला. सगळा ब्लॅक अँड व्हाइट आणि त्यात एका लहान मुलीचा कोट लाल. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माझ्यासाठी गर्दीत एक मुलगी चालत होती, बस. पुढे प्रेतांच्या गाडीवर तो कोट पुन्हा दिसतो. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, तीच आहे. मी म्हटलं, कोण ती?

सिनेमा संपल्यावर तिने मागे नेऊन दोन्ही दृश्यं दाखवली, पडद्याजवळ जाऊन बोट ठेवून. "हा बघ, हा." मला बोट दिसत होतं.

खिडकीजवळची

@फिकट निळा, काय बोलू कळत नाहीये. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

ढगोबा

फिकट निळा, आयडी अगदी विचारपूर्वक घेतलाय म्हणजे!

फिकट निळा

हो :) निळ्याला धोका नाही. 'थ्री कलर्स : ब्लू' (१९९३) बघताना मी तुमच्या सगळ्यांच्या बरोबरीने बसलो होतो. ती बाई साखरेचा खडा कपात टेकवून धरते आणि कॉफी वर चढत जाते. दिग्दर्शक किस्लोव्स्कीला खडा पाच सेकंदांत भिजायला हवा होता, आठ सेकंद लागले तर प्रेक्षक कंटाळेल. म्हणून सहायकाने खडेच खडे भिजवून पाहिले म्हणे.

'हीरो'मध्ये (२००२) मात्र माझी पंचाईत झाली. एकच गोष्ट लाल, निळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या रंगात वेगवेगळी सांगतात ना? मला शेवटपर्यंत वाटत होतं की एकूण तीनच आहेत.

मीच_ती

लोळून हसले, सॉरी :D :D

मुलाला झोपवतेय, एका हाताने टंकतेय. एक मदत हवीय. खूप वर्षांपूर्वी एक इंग्रजी सिनेमा अर्धाच पाहिला होता. हिमालयात उंच कड्यावर नन्सचा मठ, कड्याच्या अगदी काठावर मोठी घंटा, खाली खोल दरी आणि सतत वारा. एक नन वेडी होत जाते, ती लाल लिपस्टिक लावते ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नाव काय? त्या डोंगरांसाठी पुन्हा बघायचाय. तिथे कुठे चित्रीकरण झालं तेही सांगा, जाता आलं तर जाऊ.

आजोबा_ऑनलाइन

मॅडम, 'ब्लॅक नार्सिसस', १९४७. छायाचित्रण जॅक कार्डिफ, त्यासाठी ऑस्कर मिळाले. मात्र जाण्याची तयारी करू नका. हिमालय वगैरे काही नाही. सगळे इंग्लंडातच, बहुतांश पाइनवुड स्टुडिओत. दरी आणि शिखरे म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रे.

मीच_ती

काय??

मीच_ती

नाही हो. वारा होता तिथे.

आजोबा_ऑनलाइन

पंख्याचा असणार.

ढगोबा

आजोबा, जरा हळू! लोकांचा हिमालय असा हिसकावून घेऊ नका.

पिटातला प्रेक्षक

आलो. बॅरी लिंडन (१९७५). रात्रीच्या पत्त्यांच्या डावाची दृश्यं फक्त मेणबत्त्यांवर घेतलीत. साध्या भिंगाला एवढ्या उजेडात काही दिसलं नसतं, म्हणून दिग्दर्शक कुब्रिकने नासासाठी बनवलेली झाइस कंपनीची ५० मिमी, एफ/०.७ (म्हणजे खूपच जास्त उजेड आत घेणारी) भिंगं मिळवली आणि कॅमेऱ्यात फेरफार करून बसवली. अशा भिंगात फोकसची खोली बोटभर. नट जरासा पुढे झुकला की नाक स्पष्ट आणि कान धूसर. म्हणून ती माणसं इतकी सावकाश हलतात, आणि आपण म्हणतो, वा, काय ती अठराव्या शतकातली ऐट!

मी हे घरी करून पाहिलं. दिवे बंद, सहा मेणबत्त्या, समोर भाऊ. फोनने उजेड आपोआप वाढवून असा फोटो काढला की भाऊ पासपोर्टला आल्यासारखा दिसतोय. त्यात एक मेणबत्ती कलंडून मेण त्याच्या लॅपटॉपवर. तेव्हापासून आमच्याकडे कुब्रिकचं नाव काढायचं नाही.

रात्रपाळीवाला

अगदी अगदी. फोनला अंधार दाखवायचाच नसतो.

माझं मत 'डेज ऑफ हेवन'ला (१९७८). सूर्य बुडाल्यावर जो वीसेक मिनिटांचा उजेड उरतो, सावली नसलेला, त्यात बराचसा सिनेमा काढलाय. दिवसभर तयारी करायची आणि त्या वीस मिनिटांत धावाधाव. छायाचित्रकार आल्मेंद्रोस. टोळधाडीचं दृश्य तर कहर आहे : हेलिकॉप्टरमधून शेंगांची टरफलं खाली टाकली, नटांना उलटं चालायला लावलं आणि फिल्मही कॅमेऱ्यात उलटी फिरवली. पडद्यावर माणसं सरळ चालतात आणि टोळ जमिनीवरून वर उडतात!

मी रात्रपाळी करून पहाटे घरी निघतो तेव्हा तसाच उजेड असतो. सगळं जग चांगलं दिसतं आणि मला फक्त झोप येत असते.

सुमडीत

+१ टरफलांना. हे माहीतच नव्हतं.

जुनी रिळं

माझा फजितीचा किस्सा. फिल्म क्लबात 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग' (१९६४) दाखवला होता. वरून पाऊस, छत्र्या, सगळं कसं गुलाबी. आकाश गुलाबी, रस्ता गुलाबी, नायकाचे दात पण किंचित गुलाबी. मी भारावलो. महाविद्यालयाच्या अंकात चार पानी लेख लिहिला, त्यात एक पूर्ण परिच्छेद 'दिग्दर्शकाने स्मृतीला दिलेला गुलाबी रंग' यावर. तो अंक अजून घरी आहे आणि मी तो कुणाला दाखवत नाही.

प्रिंट उडालेली होती हो! त्या काळच्या ईस्टमन फिल्मवरचे रंग टिकत नसत. निळसर-हिरवा थर आधी फिका पडतो आणि मागे गुलाबी-किरमिजी उरतो. जुन्या कलर फोटोंचं होतं तसंच.

पुढे दुरुस्त केलेली प्रत पाहिली आणि खुर्चीत खिळलो. भिंतीचा कागद हिरवा, नारिंगी, जांभळा, आणि नायिकेचे कपडे त्याच्याशी जुळवलेले. दिग्दर्शक जाक देमीने आधीच तिन्ही रंगांच्या वेगवेगळ्या ब्लॅक अँड व्हाइट प्रती काढून ठेवल्या होत्या. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरची प्रतिमा चांदीची असते, ती रंगांसारखी उडत नाही. त्यांवरून नव्वदच्या दशकात मूळ रंग परत आणले, तो गेल्यावर, त्याची बायको अन्येस वार्दाच्या देखरेखीखाली.

खिडकीजवळची

म्हणजे रंग जपायचे तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ठेवायचे! आईला सांगते.

कंदील_०७

@जुनी रिळं, तो परिच्छेद इथे टाका ना, प्लीज प्लीज.

जुनी रिळं

शक्य नाही.

ढगोबा

कुणी 'तुंबाड'चं (२०१८) नाव कसं घेतलं नाही? पंकज कुमारचा कॅमेरा. कित्येक पावसाळे चित्रीकरण चाललं आणि ते दिसतं. तो पाऊस टँकरचा नाही. शेवाळ, चिखल, कंदिलाचा पिवळा उजेड, आणि वाड्याखाली ते लालभडक आतडं. मी सिनेमा बघून आलो आणि अंगावरचा कोरडा शर्ट बदलला.

मीच_ती

'किल्ला'! (२०१४) अविनाश अरुणने दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलंय. मित्र सोडून जातात आणि तो मुलगा भर पावसात किल्ल्यात एकटा अडकतो. तिथे मी रडले, आणि कशाने ते सांगता येईना. भिंतीच ओल्या होत्या बहुतेक.

(हा पाऊस तरी खरा आहे ना? आजोबांनी उत्तर देऊ नये.)

रंगारी

मी जाहिरातींचं कलर ग्रेडिंग करतो, म्हणून थोडी रड. पूर्वी रंग सेटवर आणि लॅबमध्ये ठरायचा. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' (२०००) या सिनेमात रॉजर डीकिन्सने पहिल्यांदा पूर्ण सिनेमा संगणकावर नेऊन हिरवीगार झाडं वाळक्या पिवळ्यावर आणली. फार सुंदर दिसतं. पण मग सगळ्यांच्या हातात तेच खेळणं आलं. माणसाची कातडी नारिंगीकडे झुकते, त्याच्या समोरचा रंग निळसर-हिरवा, म्हणजे चेहरा उठून दिसतो. हे एकदा कळलं आणि पुढे प्रत्येक पोस्टर नारिंगी-निळं. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "जरा सिनेमॅटिक करा." म्हणजे काय ते मला माहीत आहे आणि त्याला नाही.

ढगोबा

आणि गरम देश आला की पडदा पिवळा. तिथल्या लोकांना कावीळ झाल्यासारखी.

रंगारी

खिक्क. अगदी! 'ट्रॅफिक'पासून (२०००) जास्तच.

आजोबा_ऑनलाइन

आमच्या वेळी चांदण्या रात्रीचे गाणे भर दुपारी चित्रित करीत. नायिका चंद्राकडे पाहून गात असे आणि तिच्या पायाशी दुपारची काळीकुट्ट सावली.

रंगारी

आजोबा, ते अजून करतात. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मधली (२०१५) निळी रात्र भर उन्हात घेतलीय. तुमच्या वेळी कमी उजेडावर घेत, यांनी उलट जास्त उजेडावर घेऊन मग उतरवली.

सुमडीत

पोचले घरी. सगळे मोठमोठे सिनेमे सांगताय म्हणून लाजत लिहितेय : 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९). दार उघडतं आणि तपकिरी जगातून ती रंगांत पाऊल टाकते. तिथे दोन वेगळे तुकडे जोडलेले नाहीत म्हणे. खोलीच तपकिरी रंगवली, तपकिरी फ्रॉक घातलेल्या दुसऱ्याच मुलीने दार उघडलं, ती बाजूला झाली आणि निळ्या फ्रॉकातली ज्युडी गार्लंड पुढे आली. मी हे मुलीला थांबवून थांबवून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मला जादू बघायची होती." आता तिच्यासोबत काही बघताना मी गप्प असते.

पिटातला प्रेक्षक

कुरोसावाचा 'रान' (१९८५) राहिलाच. तीन मुलांची सैन्यं पिवळी, लाल, निळी. युद्धाचा आवाज बंद, फक्त संगीत, आणि रंग एकमेकांत घुसतात.

फिकट निळा

बघतो. दोन सैन्यं तरी कळतील.

रात्रपाळीवाला

अवांतर : नवीन टीव्ही घेतलाय, त्यावर सगळे सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. बॅरी लिंडन लावला तर जणू आत्ता शेजारच्या खोलीत चाललंय. काय करू?

रंगारी

मोशन स्मूदिंग बंद करा. सेटिंग्जमध्ये पिक्चर, त्यात कुठेतरी लपलेलं असतं, प्रत्येक टीव्हीत नाव वेगळं. व्हिविड मोडही काढा, फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग सवय होते.

खिडकीजवळची

@रंगारी, तुमचं ऐकून इथेही तो मोड लावला. आई लगेच म्हणाली, "हे काय, परत डाव्या डोळ्यासारखं केलंस." व्हिविड परत लावून दिलाय. डाव्याची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय.

कंदील_०७

गुरुवारनंतर 'नवरंग' पुन्हा लावा.

खिडकीजवळची

नको म्हणतेय. तिला तुमच्या त्या छत्र्या बघायच्यात. "गुलाबी नाही, बरोबरवाला."