"ऊस बंद झाला तर आमच्या आईबापांनी काय करायचं?" जलसुरक्षेच्या तासाला या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे?

बालाघाटचा मास्तर

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान आणि जलसुरक्षा हे विषय शिकवतो. वर्गातील बऱ्याच मुलांचे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. राज्यातील लागवडीखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्क्यांवर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेते, असे मी भूजलाच्या पाठात सांगितले, तेव्हा एका मुलीने शीर्षकातील प्रश्न विचारला. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की ऊस काही बंद होत नसतो, विहिरीच आटतात.

माझी अडचण अशी आहे. दात घासताना नळ बंद ठेवा, हा उपदेश टँकरची वाट पाहणाऱ्या घरातील मुलांना हास्यास्पद वाटतो आणि ते योग्यच आहे. याउलट दुष्काळ, उचल (तोडीआधी घेतलेली आगाऊ रक्कम), ती देणारा मुकादम, स्थलांतर हे सारे जसेच्या तसे मांडले, तर आपल्या हाती काहीच नाही अशी मुलांची समजूत पक्की होते. खोटा दिलासा न देता या मुलांना आशेने विचार करायला कसे शिकवावे?

निवृत्त मुख्याध्यापिका, पुरंदर

सर, त्या मुलीचा प्रश्न पाठाबाहेरचा समजू नका. आपला पाठ तिथूनच सुरू होतो. पाणी आणि रोजगार यांपैकी एकच निवडावे लागेल असे तिला वाटते आहे. म्हणून पाणी कोणाला, कोणत्या नियमाने मिळते आणि तो नियम कोण ठरवते, या बाजूने तिला विचार करू द्या.

आधी गणित करू द्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावशिवार एक हजार हेक्टरचे आणि पाऊस सहाशे मिलिमीटर धरला, तर वर्षाला सहाशे कोटी लिटर पाणी आकाशातून येते. त्यातील पुष्कळसे वाफ होऊन आणि वाहून जाते, हे खरेच. आता गावाची वस्ती दोन हजार आणि माणशी रोज पंचावन्न लिटर धरा: घरगुती गरज वर्षाला सुमारे चार कोटी लिटर भरते, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही. उसाला हेक्टरी साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दोन हेक्टर ऊस तेवढेच चार कोटी लिटर पितो. ठिबक असेल तर आकडा खाली येईल. मुलांना तोही मांडू द्या. हे कोष्टक स्वतःच्या हाताने पुरे केलेल्या मुलाला टंचाई ही केवळ आभाळाची करणी आहे असे पुन्हा वाटत नाही, आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलता येते, हा विचार तिथे आपोआप निघतो.

मग माझ्या तालुक्याची गोष्ट सांगा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणीपंचायतीचे काम उभे केले. त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाला दिला: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. हे नियम सुरुवातीलाच सांगून टाकू नका. वर्गात कमी-जास्त जमिनीची आणि लहान-मोठी कुटुंबे पाडा, काहींना जमीनच देऊ नका, आणि एका तलावाचे पाणी मुलांनाच वाटू द्या. भांडणे होतील, ती होऊ द्यावीत. त्यानंतर पाणीपंचायतीचे नियम फळ्यावर लिहा.

"आईबापांनी काय करायचं" याचेही उत्तर याच इतिहासात आहे. त्याच दुष्काळात लोकांनी पाझर तलाव आणि नालाबांधांवर काम केले. त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली आपल्या विधिमंडळाने कायद्याचे रूप दिले, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आधार मिळाला. गावाची माती आणि पाणी अडवणे हे मजुरीचे काम असू शकते, आणि ते हक्काने मागता येते, हे त्या मुलीला कळायलाच हवे.

खडू-फळा

मॅडमचे गणित मी वर्गात वापरणार आहे, तरीही मला दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात.

पहिला यशोगाथांविषयी आहे. पाणी अडवून दुष्काळातून वर आलेले नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार मुलांना सांगितले की "आमच्याकडे असा सरपंच नाही" एवढेच त्यांच्या मनात उरते. तेथील ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, हा भाग मागे पडतो आणि एका माणसाचे चरित्र तेवढे शिल्लक राहते. आशा दाखवायचीच असेल, तर ती लागलेल्या वेळेसकट दाखवावी. महाडचे उदाहरण घ्या, जे मला जलसुरक्षेच्या कोणत्याही तासाला अपरिहार्य वाटते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर गेले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मार्च १९३७ मध्ये आला. ठराव, अंमलाचा अभाव, कृती, माघार, दहा वर्षांचा दावा हा सगळा क्रम मुलांसमोर आला, तर ग्रामसभेत एकदा अर्ज फेटाळला गेल्याने ती खचणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. आपली नववीतील मुलगी त्याच्या कक्षेबाहेर गेलेली आहे. दिवाळीनंतर ती आजीजवळ राहणार, हंगामी वसतिगृहात तिला जागा मिळणार, पालकांबरोबर फडावर जाणार की तिचे लग्न ठरणार, याचा विचार न करता तिला पर्यावरणाविषयी आशावादी करणे मला पटत नाही. शाळेने तिची राहण्याची सोय लावून धरणे, हाच तिच्यासाठी सामाजिक न्यायाचा पहिला पाठ ठरेल. आणि हो, प्रकल्पवही भरून घेण्याच्या फंदात पडू नका; एकाच वहीवरून सगळा वर्ग उतरवतो हे आपण सर्व जाणतो.

कोथरूडच्या बाई

शहरातील अनुभव थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे दुखणे वेगळे आहे. २०२१ साली भारतासह दहा देशांतील दहा हजार तरुणांची हवामान बदलाविषयीची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत तीन चतुर्थांश तरुणांनी भविष्य भयावह वाटते असे सांगितले होते. माझ्या वर्गातही हेच बोलले जाते, मात्र इमारतीतील कचरा रोज कोण नेते हे बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून मी कचरावेचक महिलेला शिक्षिका म्हणून बोलावते. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. त्या बाई प्लास्टिकचे प्रकार आणि त्यांचे भाव हाताने चाचपून सांगतात, तेव्हा मुलांची भीती मागे पडते आणि प्रश्न सुरू होतात. फक्त एक पथ्य पाळावे: शाल-श्रीफळ देऊन सत्कार उरकू नये, त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे.

बालाघाटचा मास्तर

सर्वांचे आभार. वसतिगृहाचा विषय मी याच आठवड्यात मुख्याध्यापकांपुढे मांडतो. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा पालक बाहेर पडण्यापूर्वी होते, म्हणून मुलांनी केलेला गावाचा पाणी ताळेबंद तिथे वाचावा असे मनात आहे. ज्यांच्या शेतात ऊस आहे अशी मंडळीही तिथे असतील. मॅडम, हे धाडसाचे होईल का?

निवृत्त मुख्याध्यापिका, पुरंदर

जरूर वाचा, पण पिकांखालचे क्षेत्र तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून आधी तपासून घ्या, कारण एक आकडा चुकला तर बाकीचे सगळे हसण्यावारी नेले जाईल. ताळेबंदात कोणाही शेतकऱ्याचे नाव नको, फक्त पीक आणि हेक्टर असावेत. कोण वाचणार हे मुलांना ठरवू द्या; त्या मुलीवर ते लादू नका. आणि ग्रामसेवकांकडे विषय आधीच लेखी देऊन पोच घ्या, आयत्या वेळच्या विषयांत तो ठेवला तर सभा तिथवर पोहोचतच नाही.