कजाग, कझाक आणि 'समुद्री चाचे'

परवा सतराव्या शतकातल्या काळ्या समुद्राविषयीच्या एका मजकुराचं मराठी करत होते, त्यात कोसॅक लोक, म्हणजे नीपर आणि डॉन नद्यांकाठचे लढवय्ये, दर दोन ओळींनी येतात आणि मी आपली 'कोसॅक चाचे' लिहीत सुटले होते, मग मध्येच थांबले कारण 'कोसॅक' हा शब्द तर आपल्या घरातलाच आहे की! आपला 'कजाग'. आजी एका नात्यातल्या बाईंबद्दल नेहमी म्हणायची, "कजाग आहे हो ती, जपून बोल." जुन्या मराठीत 'कजाख' पण सापडतो. मूळ तुर्की 'कझाक', म्हणजे टोळी सोडून मोकळा फिरणारा, कुणाचाच चाकर नसलेला माणूस. फारसीत त्याचा 'कज्जाक' म्हणजे लुटारू झाला, मराठीत येईपर्यंत नुसता भांडखोर उरला. कोसॅक हे त्याचंच रूप, आणि कझाकस्तानातला कझाकही तोच शब्द, लोक मात्र वेगळे. तर प्रश्न असा की या कोसॅकांना, म्हणजे आपल्या भाषेत कझाकांना, मराठीत 'चाचे' म्हणावं का? मला ते खटकतंय.

प्रतिसाद: खटकायचं काय त्यात? १६१४ ला त्यांनी तुर्कांचं सिनोप बंदर जाळलं, पुढच्याच वर्षी ऐंशीएक होड्या घेऊन इस्तंबूलच्या वेशीवरची गावं लुटली, १६२४ मध्ये परत इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीत घुसून तिथलं येनिक्यॉय गाव जाळलं. समुद्रातून येऊन लूटमार करतो तो चाचा, सरळ अर्थ आहे. उगाच गुळमुळीत कशाला लिहायचं?

लूट होती हे मान्यच आहे, ती लपवायची नाहीये मला. पण चाचा हा शब्द नेहमी समोरच्याचा असतो ना. उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, कागदांत यांना 'एश्किया' म्हणजे दरोडेखोर म्हटलंय, आणि १६१६ मध्ये ज्या साहाय्दाच्नी नावाच्या कझाक सरदारानं काफा बंदरावर छापा घालून गुलाम सोडवले तोच १६२१ ला खोतिनच्या लढाईत तुर्कांविरुद्ध पोलंडच्या बाजूनं कझाकांचा सेनापती म्हणून उभा होता. काफा म्हणजे क्राइमियातला गुलामांचा मोठा बाजार, युक्रेनच्या गावांतून धरून नेलेली माणसं तिथे विकली जायची. आणि आपल्याकडे बघा, कान्होजी आंग्रे आपल्यासाठी सरखेल, इंग्रजांच्या कागदांत पायरेट. मग आपणच हा शब्द दुसऱ्या कुणावर डोळे मिटून कसा चिकटवायचा.

त्यांचे स्वतःचे शब्द बघितले की मजा येते. डॉन नदीवरचे कझाक मोहिमेला निघताना 'झिपुनं आणायला जातो' म्हणायचे. झिपुन म्हणजे शेतकऱ्याचा जाडाभरडा अंगरखा. त्यांचा पुढारी स्टेंका राझिन १६६७ ते १६६९ कॅस्पियनवर इराणचा किनारा लुटत होता ती पण झिपुनांचीच मोहीम. लूट घेऊन आले की सगळ्यांनी मिळून वाटणी करायची, तिला शब्द 'दुवान', आणि हा दुवान म्हणजे आपला दिवाणच हो! दिवाण म्हणजे मुळात सभा, दरबार. आपल्याकडे त्याचा दिवाणखाना आणि दिवाणी दावा झाला, तिकडे सभेत बसून केलेल्या वाटणीलाच तो शब्द चिकटला. मला हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती बसून होते.

प्रतिसाद: दुवान-दिवाण भारीच. बरं, त्यांच्या होडीला काय लिहिताय? गलबत?

तिथेच तर अडलंय. तिचं नाव 'चाइका'. रशियन-युक्रेनियनमध्ये चाइका हा पक्षी, म्हणून सगळे 'समुद्रपक्ष्यासारखी होडी' असं छान छान लिहून मोकळे होतात, पण तुर्कीत 'शायका' आहे, हंगेरियन-सर्बियनमध्ये 'शाइका' आहे, सगळीकडे अर्थ होडीच, त्यामुळे पक्ष्याची गोष्ट मला फारशी पटत नाही. बोप्लाँ नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं वर्णन करून ठेवलंय: साधारण साठ फूट लांब, दहा-बारा फूट रुंद, खाली कणा (तळाचं लांब आधाराचं लाकूड) नाही, वर डेक नाही, दोन्ही टोकांना सुकाणू म्हणजे होडी वळवत बसायला नको, आणि दोन्ही अंगांना बोरूच्या पेंढ्या, पिंपाएवढ्या जाड, दोरानं आवळून बांधलेल्या. आत पाणी भरलं तरी त्या पेंढ्यांवर होडी तरंगते. एकेका बाजूला दहा-पंधरा वल्ही, आत पन्नास ते सत्तर माणसं, चार-सहा छोट्या तोफा. अंधाऱ्या रात्री ओचाकिवच्या तुर्की किल्ल्यासमोरून नीपरच्या मुखातून बाहेर पडायचं आणि दीड दिवसात अनातोलियाचा किनारा.

गलबत वल्ह्यांचं असतं, छोट्या तोफांचं असतं, कामाच्या दृष्टीनं अगदी जवळचं. पण गलबत म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर कोकणातलं शीड-डोलकाठीचं गलबत येणार, बोरूच्या पेंढ्या येणार नाहीत. आणि होडी म्हटलं तर सत्तर माणसं मावत नाहीत त्यात.

म्हणून सध्या पहिल्यांदा 'चाइका, म्हणजे वल्ह्यांची लांब उघडी नाव' असं लिहिलंय आणि पुढे नुसतं चाइका. लोकांना कझाक. 'चाचे' फक्त तिथेच ठेवलंय जिथे तुर्की अधिकारी बोलतोय. कोकणपट्टीत अशा बिनकण्याच्या मोठ्या नावेला काही शब्द असेल तर प्लीज सांगा, सोमवारी मजकूर द्यायचाय.